काट्याची बाजू : सूर्यराजाची पदकं आणि त्यांनी ओढवलेली भांडणं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना लॅटिन शब्दांवर जीभ जरा अडखळली होती, इथे ते शब्द शांतपणे वाचता येतील.

सुरुवात एका युद्धापासून करतो. 1672 च्या मार्चमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं डच प्रजासत्ताकाविरुद्ध युद्ध पुकारलं. युद्ध पुकारायचं म्हणजे जगाला कारणं सांगावी लागतात. चार्ल्सच्या जाहीरनाम्यात ती आहेत : व्यापारातले तंटे, समुद्रावर इंग्रजी झेंड्याला मान न देणं, वगैरे. पण त्याच यादीत एक तक्रार अशी आहे की वाचताना आपण थबकतो. राजा म्हणतो, डचांची गावं आमची बदनामी करणाऱ्या चित्रांनी आणि खोटा इतिहास सांगणाऱ्या पदकांनी भरलेली आहेत.

पदकं! तळहातावर मावणारी धातूची चकती, आणि तिचा उल्लेख थेट युद्धाच्या जाहीरनाम्यात. खरं कारण अर्थात व्यापार आणि सत्ता हेच होतं, पदक हे निमित्त. पण निमित्त म्हणूनही जे चालतं, ते लोकांना पटण्यासारखं असावं लागतं. म्हणजे त्या काळी पदकावरचं चित्र हा राजाच्या अब्रूचा प्रश्न आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. असं काय होतं त्या चित्रांत? आजचा भाग त्याबद्दल आहे.

आधी पदक म्हणजे काय ते बघू

पदक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऑलिंपिक येतं, नाहीतर सैनिकाच्या छातीवरचं शौर्यपदक. सतराव्या शतकातलं स्मरणपदक यातलं काहीच नव्हतं. ते छातीवर मिरवायचं नव्हतं आणि बाजारात चालवायचंही नव्हतं. एखादा विजय, तह, लग्न, राजपुत्राचा जन्म, चर्चची पायाभरणी, असं काही घडलं की ठसे कोरायचे आणि पदकं पाडायची. सोन्याची राजदूतांना आणि बड्या पाहुण्यांना, चांदीची दरबाऱ्यांना, काशाची संग्राहकांना. ती हातात घेऊन बघायची, उलटीपालटी करायची, त्यावर चर्चा करायची आणि मखमलीच्या कप्प्यात जपून ठेवायची.

यामागे एक विचार होता. युरोपातली विद्वान मंडळी दीडदोनशे वर्षं रोमन नाणी गोळा करत होती. त्यांच्या लक्षात आलं की देवळं पडली, ग्रंथ जळले, पुतळे वितळवले गेले, पण जमिनीत पुरलेली नाणी राहिली. एखाद्या रोमन सम्राटाचा चेहरा आज आपल्याला माहीत आहे तो बऱ्याचदा नाण्यामुळे. मग राजांना वाटलं, दीड हजार वर्षांनी कोणीतरी आपलीही जमीन खणेल. तेव्हा त्याला काय सापडावं, याची सोय आजच करून ठेवू.

पदकाला दोन बाजू. आपण नाणं उडवताना छापा-काटा म्हणतो, तेच शब्द वापरू. छाप्यावर राजाचा चेहरा आणि नाव. त्यात फारसं नवल नाही. खरी गोष्ट काट्याच्या बाजूला. तिथे एक चित्र, कडेनं गोल फिरणारा लॅटिन लेख, आणि खाली एक आडवी रेघ मारून तिच्याखाली घटना आणि साल. चित्र म्हणजे कोडं, लेख म्हणजे इशारा आणि खालची ओळ म्हणजे उत्तर. तिन्ही जुळले की पदक 'वाचलं' असं व्हायचं.

चित्रांची बाराखडी

हे कोडं सुटायचं कसं? आपल्याला गणपती ओळखायला खाली नाव लिहावं लागत नाही. सोंड दिसली, मोदक दिसला, काम झालं. युरोपातही तशीच एक बाराखडी होती, आणि तिचं एक पुस्तकही होतं. चेझारे रिपा नावाच्या इटालियन लेखकानं 1593 मध्ये रोममध्ये 'इकोनोलोजिया' छापलं. कीर्ती, शांती, पाखंड, मत्सर अशा न दिसणाऱ्या गोष्टींना माणसाचं रूप कसं द्यायचं, हातात काय द्यायचं, पायाशी काय ठेवायचं, याचा तो कोशच. 1603 ला त्याची सचित्र आवृत्ती निघाली आणि पुढे शंभर-दीडशे वर्षं चित्रकार, शिल्पकार आणि ठसे कोरणारे त्याचा आधार घेत राहिले.

म्हणजे पंख असलेली बाई दिसली की ती विजयदेवता. खजुरीची झावळी आणि लॉरेलच्या पानांचा मुकुट म्हणजे विजय. ऑलिव्हची फांदी म्हणजे तह. फळाफुलांनी भरलेलं शिंग म्हणजे सुबत्ता. सुकाणू म्हणजे राज्यकारभार. कलंडलेल्या घड्यावर रेललेला दाढीवाला म्हातारा म्हणजे नदी. (आपल्याकडे नद्या बायका, तिकडे बऱ्याच नद्या पुरुष!) आणि देशांचे प्राणी ठरलेले : साम्राज्याचा गरुड, डचांचा सिंह, फ्रान्सचा कोंबडा.

आता इथेच मेख आहे. बाराखडी एकदा सगळ्यांना येऊ लागली की ती कोणा एकाच्या मालकीची राहत नाही. राजा जी भाषा बोलतो, तीच त्याच्या शत्रूलाही येते.

सूर्य बनवणारी समिती

ही भाषा सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरली ती फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं. आणि त्यासाठी त्यानं चक्क एक समिती नेमली. 1663 मध्ये त्याचा मंत्री कोल्बेर यानं चारपाच विद्वानांना एकत्र बसवलं. काम काय? राजाच्या पदकांसाठी, इमारतींसाठी, पुतळ्यांसाठी चित्रं आणि लेख सुचवायचे. तिला 'छोटी अकादमी' म्हणत. परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेला शार्ल पेरो तिथे काम करत होता. पुढे नाटककार रासीन आणि कवी ब्वालो हेही त्यात आले. म्हणजे त्या काळचे फ्रेंच भाषेतले बिनीचे लेखक बसून दोन-तीन लॅटिन शब्दांवर घोळ घालत असत. पदकावर जागाच तेवढी!

लुईचं चिन्ह सूर्य, हे बहुतेकांना माहीत असतं. 1662 मध्ये पॅरिसला घोडेस्वारांच्या खेळांचा मोठा सोहळा झाला, तेव्हापासून ते खऱ्या अर्थानं गाजलं. पृथ्वीच्या गोलावर तळपणारा सूर्य आणि लेख 'नेक प्लुरिबुस इम्पार'. या लेखाचं भाषांतर करताना युरोपीय भाषांची दमछाक होते. शब्दशः 'अनेकांनाही कमी न पडणारा'. मराठीला मात्र हे सोपं आहे. 'अनेकांना पुरून उरणारा', बस्स.

गंमत म्हणजे हा सूर्य कोरा नव्हता. शंभरएक वर्षांपूर्वी, 1555 मध्ये, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचं पदक निघालं होतं. त्यावर सूर्यदेव अपोलो चार घोड्यांच्या रथातून येतो आहे आणि लेखाचा अर्थ 'आता तो सगळं उजळेल'. म्हणजे लुईनं ज्या स्पेनशी जन्मभर भांडण केलं, त्याच घराण्याचं जुनं चिन्ह उचललं, आणि ते इतकं वापरलं की आज सूर्यराजा म्हटलं की फिलिप कोणालाच आठवत नाही.

तारीख एक, ठसा दुसराच

1702 मध्ये या सगळ्या उद्योगाचं फळ छापून आलं. लुईच्या कारकिर्दीतल्या मुख्य घटनांची पदकं सांगणारा एक जाडजूड ग्रंथ. 286 पदकं, प्रत्येक पानावर एक पदक आणि खाली त्याचा खुलासा. या ग्रंथासाठी राजाच्या छापखान्यानं नवा टाइपसुद्धा घडवला. पदकं एका मापाची, साधारण चार सेंटिमीटरची, म्हणजे ओळीनं मांडली की सबंध कारकीर्द एका कथेसारखी दिसावी.

आणि इथे आपल्यासारख्या इतिहास वाचणाऱ्यांनी सावध व्हायचं. या मालिकेतली कित्येक पदकं घटनेनंतर अनेक वर्षांनी घडवली गेली, पण साल घातलं घटनेचं. सर्वांत झकास उदाहरण लुईच्या जन्माचं. पदकावर बाळराजा उगवत्या सूर्यासारखा रथातून येतो आहे, भोवती बारा राशी मांडून त्याची जन्मपत्रिका केली आहे. लेख आहे 'फ्रान्सच्या सूर्याचा उदय'. खाली तारीख : 5 सप्टेंबर 1638, मध्यान्हाच्या 38 मिनिटं आधी. म्हणजे सकाळचे अकरा बावीस. पत्रिकेला लागते तशी मिनिटापर्यंत वेळ! पण 1638 मध्ये हे बाळ पुढे सूर्यराजा होणार हे कोणाला माहीत होतं? हे पदक अर्ध्या शतकानंतरचं. भविष्य सांगितल्याचा आव आणणारं, पण भूतकाळाकडे बघून लिहिलेलं.

दुसरं उदाहरण आपल्या बाजूच्या समुद्रातलं. 1664 मध्ये फ्रेंचांनी ईस्ट इंडिया कंपनी काढली. हिंदुस्थानच्या वाटेवर मुक्कामाचं ठिकाण म्हणून मादागास्कर बेटावर वसाहत पक्की करायचं ठरलं. त्याचं 1665 सालचं पदक आहे. त्यावर एक बैल. पण युरोपातला नव्हे, पाठीवर वशिंड असलेला, आपल्या शेतकऱ्याला बघताक्षणी घरचा वाटेल असा. मागे आबनूसचं झाड. लेख साधा : 'मादागास्करची वसाहत'. पॅरिसमधल्या माणसाला दूरदेश दाखवायचा तर काय दाखवणार? तिथला वेगळा दिसणारा बैल.

ती वसाहत टिकली नाही. ताप, उपासमार, स्थानिक लोकांशी लढाया. 1674 मध्ये फ्रेंचांनी तिथला फोर दोफँ हा किल्ला सोडला. आता हिशेब करा. 1702 चा ग्रंथ छापला तेव्हा ही वसाहत संपून 28 वर्षं झाली होती. तरी पदक ग्रंथात आहे, बैल डौलात उभा आहे. पदकावर सुरुवातीचं साल असतं, शेवटाचं नसतं.

दूरदेशाचा विषय निघालाच आहे तर इंग्लंडचं एक पदक सांगतो, कारण ते थेट मुंबईपर्यंत येतं. 1670 मध्ये जॉन रूटियर्स या कारागिरानं केलेल्या या पदकाच्या छाप्यावर दोन चेहरे आहेत, दुसरा चार्ल्स आणि त्याची राणी, पोर्तुगालची कॅथरिन. काट्याच्या बाजूला पृथ्वीचा गोल आणि लेखाचा अर्थ 'ब्रिटन जगभर पसरला'. राजाराणी एकत्र का? 1661 च्या विवाहकरारात कॅथरिनच्या हुंड्यात मुंबई आणि टँजियर आले होते. या जोडप्याशिवाय तो गोल अपुरा होता. पण तो 'पसरलेला ब्रिटन' प्रत्यक्षात कसा होता? मुंबई सांभाळणं राजाला इतकं महाग वाटलं की 1668 मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली. म्हणजे पदक पडलं त्याच्या दोन वर्षं आधी. भाडेकरार पदकावर अर्थातच नाही.

शत्रूचं उत्तर

आता परत डचांकडे. हॉलंडमध्ये राजा नव्हता, दरबारी समिती नव्हती. पण श्रीमंत गिऱ्हाईक होतं, हुशार कारागीर होते आणि बोलायला बऱ्यापैकी मोकळीक होती. 1667 मध्ये डच आरमारानं थेट मेडवे नदीत शिरून इंग्रजांची जहाजं जाळली आणि त्यांचं मानाचं जहाज 'रॉयल चार्ल्स' ओढून नेलं. लगेच ब्रेडाचा तह झाला. त्यावर निघालेल्या एका डच पदकावर पायाखाली तुडवलेली एक दुष्ट आकृती आहे आणि लेख आहे 'दुष्ट श्वापदा, राज्यांपासून दूर हो' अशा अर्थाचा. ते श्वापद म्हणजे कलह, असं डच सांगू शकत होते. ते श्वापद म्हणजे आमचा राजा, असं इंग्रजांनी धरलं. चिन्हाची हीच तर सोय असते : म्हणायचं ते म्हणायचं आणि वर 'मी कुठं काय म्हटलं?' असं विचारायचं.

लुईच्या बाबतीतला किस्सा त्याहून चढ आहे. 1668 मध्ये डच, इंग्रज आणि स्वीडिश यांनी युती करून त्याची बेल्जियमकडची घोडदौड थांबवली. मग बातमी उठली की डच राजदूत कुनराड फान ब्यूनिंगन यानं एक पदक पाडलं आहे. बायबलमध्ये जोशुआ सूर्याला 'थांब' म्हणतो आणि सूर्य थांबतो, ती कथा त्यावर आहे, आणि लेख 'माझ्यासमोर सूर्य थांबला'. कळलं ना? सूर्य म्हणजे कोण आणि त्याला थांबवणारा कोण!

ही गोष्ट युरोपभर झाली. फ्रेंच दरबार चिडला. पुढे व्होल्तेरनं लुईच्या काळावरच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं की असं पदक कधी नव्हतंच. एक दुसरं पदक मात्र होतं, ज्यावर डचांनी आपण कायदे राखले, राजांना मदत केली, त्यांच्यात समेट घडवला, समुद्र मोकळा केला, युरोपात शांतता आणली अशी स्वतःची लांबलचक स्तुती लॅटिनमध्ये लिहिली होती. त्यावर सूर्य नव्हता. तरी लुईची समजूत काढण्यासाठी त्याचा ठसा फोडण्यात आला. उपयोग झाला नाही. 1672 मध्ये फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये घुसल्या, आणि डचांनी बांध फोडून आपलीच शेतं पाण्याखाली घातली तेव्हा कुठे त्या थांबल्या. लुईच्या पदकावर मात्र ऱ्हाइन ओलांडल्याचाच प्रसंग आहे आणि नदीचा म्हातारा देव घाबरलेला. पुढची पाण्याखालची शेतं नाहीत.

मला या किस्स्यात रस आहे तो यासाठी की नसलेल्या पदकावर लोकांनी विश्वास ठेवला. का ठेवला? कारण विनोद फार नेमका होता. लुईनं स्वतःला सूर्य म्हणवून घेतल्यावर जोशुआची कथा आपोआप शत्रूच्या हाती पडली. कारागिराची गरजच नव्हती, पदक लोकांच्या डोक्यातच पडलं.

आणि मग हे वाढत गेलं. 1689 मध्ये मेनेस्त्रिए नावाच्या जेझुइट पाद्र्यानं पदकांमधून लुईचा इतिहास सांगणारं, स्तुतीनं भरलेलं पुस्तक काढलं. दोन वर्षांत अॅमस्टरडॅमच्या एका छापखान्यानं त्याची चोरटी आवृत्ती काढली, आणि शेवटी गुपचूप पाच पानं जादा जोडली. त्यावर लुईची टिंगल करणारी पदकं! 1693 च्या एका पदकावर सीझरचं 'आलो, पाहिलं, जिंकलं' हे वचन वाकवून 'आला, पाहिलं, पण जिंकलं नाही' असं केलं आहे. आणि 1706 मध्ये तर आकाशच मदतीला आलं. लुईच्या नातवाची फौज बार्सिलोनाचा वेढा उठवून परत फिरत होती तेव्हा, 12 मे रोजी, खग्रास सूर्यग्रहण लागलं. पदक करणाऱ्यांना आणखी काय हवं? सूर्याला ग्रहण.

वीस लाख

इथपर्यंत हे सगळं मजेचं आहे. पण या मालिकेत 1685 सालची काही पदकं आहेत, आणि ती पाहताना मला हसू येत नाही.

फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट पंथाचे लोक अल्पसंख्य होते. 1598 च्या नांतच्या फर्मानानं त्यांना आपल्या पद्धतीनं उपासना करायची मुभा मिळाली होती. ऑक्टोबर 1685 मध्ये लुईनं ते फर्मान रद्द केलं. त्याआधीच त्यांच्या घरांत सैनिक मुक्कामाला घालायचे, कुटुंब धर्म बदलेपर्यंत घर खाऊन टाकायचं, असा प्रकार सुरू झाला होता. मग प्रार्थनास्थळं पाडली, धर्मगुरूंना देशाबाहेर काढलं, आणि सामान्य माणसांना मात्र देश सोडायलाही बंदी केली. पळताना सापडलेल्या पुरुषांना वल्ही मारायला गलबतांवर धाडत.

पदकांवर हे कसं दिसतं? एका पदकावर धर्म ही बाई पडक्या इमारतींवर क्रूस उभा करते आहे, लेख 'विजयी धर्म'. दुसऱ्यावर पाखंड जमिनीवर पडलं आहे, लेख 'पाखंड विझलं'. आणि तिसऱ्यावर तीच धर्म नावाची बाई राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवते आहे, राजाच्या हातात सुकाणू आहे, पायाखाली पाखंड. लेखाचा अर्थ : 'वीस लाख कॅल्विनपंथीयांना चर्चमध्ये परत आणल्याबद्दल.'

वीस लाख. इतिहासकारांच्या अंदाजानुसार त्या वेळी फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट होतेच मुळी आठ लाखांच्या आसपास. त्यातले सुमारे दोन लाख जीव मुठीत धरून हॉलंड, इंग्लंड, प्रशियाकडे पळाले. विणकर, घड्याळजी, सोनार, छापखानेवाले. उरलेल्यांपैकी कितीजण घरात दार लावून जुनी प्रार्थना म्हणत राहिले याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आता त्या बाराखडीचं दुसरं काम लक्षात घ्या. सैनिकांनी भरलेलं घर, वल्ह्याला बांधलेला माणूस, रात्री सरहद्द ओलांडणारी बाई, यांच्यासाठी त्या कोशात चिन्हच नाही. कोशात आहे ती फक्त 'पाखंड' नावाची एक कुरूप बाई. एकदा आठ लाख माणसांच्या जागी ती एक बाई ठेवली की तिला तुडवताना कोणाचं काही दुखत नाही. चिन्ह गोष्ट सांगतं तसं गोष्ट झाकतंही. आणि हे काम रासीनसारख्या, माणसाच्या दुःखावर अजोड नाटकं लिहिणाऱ्या लेखकांच्या समितीच्या हाताखाली झालं. मला हे पचवायला जड जातं.

मग पदक वाचायचं कसं?

काही श्रोते विचारतात, असं असेल तर या पदकांना पुरावा मानायचं की नाही? माझं उत्तर, जरूर मानायचं. फक्त कशाचा पुरावा, ते आधी ठरवायचं. जन्माचं पदक हे 1638 चा पुरावा नाही, म्हाताऱ्या होत चाललेल्या राजाला आपलं बालपण कसं दिसावंसं वाटत होतं याचा पुरावा आहे. वशिंडाचा बैल हा वसाहतीचा पुरावा नाही, तिच्या स्वप्नाचा आहे. आणि वीस लाखांचं पदक हे किती लोक बदलले याचा पुरावा नाही, सत्तेला किती मोठा आकडा हवा होता याचा आहे.

म्हणून एखाद्या संग्रहालयात किंवा लिलावाच्या फोटोंत असं पदक दिसलं तर मी तीन गोष्टी बघतो. पहिली, ते पाडलं कधी; खाली लिहिलेलं साल आणि ठशाचं साल एकच आहे का? दुसरी, याच घटनेवर शत्रूनं काही पदक काढलं आहे का? असेल तर दोन्ही शेजारी ठेवायची. आणि तिसरी, त्या चित्रात पायाखाली कोण आहे? उभं कोण आहे ते पदक स्वतःच ओरडून सांगतं. आडवं पडलेल्याचं खरं नाव मात्र आपल्यालाच शोधावं लागतं, आणि इतिहास वाचणाऱ्याचं काम बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे एखादं जुनं स्मरणपदक असेल, कुठल्याही देशाचं, कुठल्याही काळाचं, तर काट्याची बाजू एकदा नीट बघा आणि काय दिसलं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.